आत पोटॅश, बाहेर मीठ

मेलेल्या बेडकाच्या पायाले लाथ माराले लावणारा अख्ख्या चांदा जिल्ह्यातला पहिला माणूस मी. म्हणजे बेडूक सरायनं कापला होता, तारबी सरायनंच लावली होती. त्या लाथीले भेऊन जो टेबलाखाली घुसला, तो मी.

"महाराज, बाहेर या," सर म्हणाले. "आधी पाहा, मंग पळा."

हे सरायचं नेहमीचं होतं. कोणी काई विचारलं, का सर आपले दोन्ही तळहात समोरासमोर उभे धरत. मधात कागद जाईन एवढीच फट ठेवत. अन् त्या फटीतून तुमच्याकडं पाहत. "आधी पाहा, मंग बोला." पोट्ट्यायले तेच, हेडमास्तरले तेच, अन् मलेबी तेच. मले गावात 'अहो-जाहो' करणारी दोनच माणसं होती, एक माही बायको अन् दुसरे सर. त्यातली बायको रागात असली का सरच उरत.

आरमोरीच्या अल्याड, धानाच्या बांध्यायमधी आमचं गाव. तवा चंद्रपूरले चांदा म्हणत, गडचिरोलीबी चांद्यातच होती. गावानं घरटी धान जमा करून कवेलूच्या छपराची हायस्कूल बांधली, अन् चिमूरकडून हे सर आणले. उंच, वाळलेले, एक खांदा वर अन् एक खाली. सायन्स शिकवत. गावात पयले कोणी सायन्स पाह्यलं नव्हतं, म्हणून लोक सरायलेच पाहाले येत.

मी आचारी होतो, म्हणून 'महाराज'. लिहिणं येत नाई, वाचणं येत नाई, पण पाचशे पानाचं वरण मी नुसत्या अंदाजानं सावरत होतो. शाळेच्या उद्घाटनालेबी मीच रांधलं. पंगत बसली, लोक जेवले, कोणी काई बोललं नाई. मी मिशीवर हात फिरवून राह्यलो होतो, तं सर चुलीपाशी आले.

"महाराज, वरणात मीठ नाई."

मी म्हटलं, "सर, तुमच्या जिभेले काई झालं असन. प्रवासानं होते."

सरायनं वाटी पुढं केली. मी चाखलं. पाचशे माणसं ते वरण मुकाट्यानं जेवून गेली होती, निव्वळ शाळेच्या इज्जतीसाठी.

"आता बोला," सर म्हणाले.

मी म्हटलं, "पाणीच अळणी हाय इथचं."

सर हासले नाई, रागावलेबी नाई. म्हणाले, "मले सायन्सच्या खोलीले माणूस पाह्यजे. तुमचा हात मोजून मीठ टाकाले शिकला, तं लय कामाचा हाय." मले वाटलं, माह्या रांधण्यावर खूश झाले. तसंच गावात सांगतबी फिरलो.

सायन्सच्या खोलीत तीन कामं. झाडणं, मीठ-पाणी बनवणं, अन् बेडूक धरणं. बेडकाचं काम सांजच्या वेळेचं. धोतर खोचून मी बांधीत उतरे, हातात मडकं. पयल्या दिवशी चार बेडूक धरले, अन् पाचव्यानं मले धरलं. सदऱ्याच्या बाहीतून आत घुसला, पाठीवर गेला, अन् मी अख्खी बांधी नाचून काढली. ज्याची बांधी होती त्यानं रोवलेलं धान तुडवलं म्हणून शिव्या देल्ल्या त्या वेगळ्याच. महिनाभरात माह्यं नाव 'बेडक्या महाराज' पडलं. लग्नाची बोलावणी बंद झाली. बेडूक धरणाऱ्या हाताचं कोण जेवन? बायको म्हणे, "मी आचाऱ्याच्या घरी नांदाले आली होती. हे काय येऊन पडलं माह्या नशिबी?"

सरायले हे समजलं. ते घरी आले, ओसरीवर बसले, अन् बायकोले म्हणाले, "बाई, मले जेवाले वाढा. महाराजच्या हातचं." अन् सगळ्या गल्लीदेखत जेवले. भाजीत मीठ जास्त होतं. बोलले नाई.

आता तुम्ही म्हणसान, बेडकाचा अन् मिठाचा काय संबंध? मलेबी समजत नव्हता. एक दिवस सर मले तलावाच्या पाळीवर घेऊन गेले.

"महाराज, पाळीच्या इकडं काय हाय?"

"पाणी."

"अन् तिकडं?"

"बांधी. कोरडी."

"तुडूम उघडला तं?" तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडाची मोरी.

"धावन ना पाणी."

"अन् दोन्हीकडं पाणी सारखंच असन तं?"

"मंग कायले धावते?"

सरायनं तळहात समोरासमोर धरले. "हे असं हाय सगळं. बेडकाचं आंग, तुमचं आंग, माह्यं आंग, सगळं बारीक-बारीक पेशींचं बनलं हाय. हरेक पेशीले पडदा. पडद्याच्या आत पोटॅश जास्त, बाहेर मीठ जास्त. पोटॅश थोडं-थोडं बाहेर झिरपते, मीठ तेवढं आत येऊ शकत नाई. त्या फरकानं पडद्यावर बिजलीचा दाब राह्यते. तार लागली, का पडद्यातले तुडूम उघडतात, मीठ आत धावते, अन् पाय लाथ मारते. फरक हाय म्हणून जोर हाय."

मी म्हटलं, "मंग आत घुसलेलं मीठ आतच राह्यते का?"

सर माह्याकडं पाहतच राह्यले. मले वाटलं काई तरी बावळट बोललो. पण त्यायनं माह्या खांद्यावर हात ठेवला. "पाळीतून बांधीत पाणी झिरपलं, तं कोण उपसते?"

"ज्याची बांधी तो."

"पेशीबी उपसते. मीठ बाहेर, पोटॅश आत. बसत नाई, झोपत नाई. उपसणं थांबलं का आत-बाहेर सारखं होते. अन् सारखं झालं, का महाराज, तो जीव मेला."

"मंग तो उपसणारा कोण?"

सर म्हणाले, "ते अजून सापडलं नाई. दूर-दूरच्या मुलखात मोठमोठे इदवान शोधून राह्यले. उपसणं दिसते, उपसणारा दिसत नाई."

मले लय बरं वाटलं. जगातल्या इदवानायले जे माहीत नाई, तेच मलेबी माहीत नाई! म्हणजे एका पंगतीतच बसलो आम्ही. घरी येऊन बायकोले सांगतलं, "माह्या आत पोटॅश हाय." ती म्हणे, "तुमच्या आत अर्धा शेर भात हाय. लाकडं फोडा."

मीठ-पाणी बनवाची माही रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच हाय. कपाटात दोन बरण्या. एकीत मीठ, एकीत पोटॅश. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखेच बारीक. चिठ्ठी लावली होती, पण मले चिठ्ठी म्हणजे नुसता कागद. म्हणून सरायनं चुन्याची खूण केली होती. मिठाच्या बरणीवर एक उभी रेघ, पोटॅशच्या बरणीवर दोन. मिठासाठी मोठं वजन, पोटॅशसाठी गुंजेएवढं. वर चिमूटभर खायचा सोडा, अन् चुन्याच्या औषधाचे थेंब. त्या पाण्यात बेडकाचा कापलेला पाय दोन-दोन तास जिता राहे. सर म्हणत, "बेडकाच्या आंगात जसं पाणी हाय, तसंच आपण बाहेर बनवतो. तुमच्या वरणापेक्षा बरं जमते तुमाले हे."

एकदा त्यायनं मले बरणीतलं चाटून पाहताना धरलं. "महाराज, यात उद्या एखादं विष असन तं?"

"तं मी सांगन ना, सर."

"तुम्ही नाई सांगू शकणार," सर म्हणाले. "आम्ही सांगू."

दुसऱ्या साली नागपूरहून तपासणीचे साहेब येणार, असा कागद आला. सायन्सचा वर्ग खरंच चालते का, ते पाहून मंजुरी देणार होते. मंजुरी नाई तं वर्ग बंद. वर्गात नऊ जण होते. आठ पोट्टे अन् एक पोरगी, रझिया, टेलरभाऊची. पोट्ट्यायच्या बापायनं नागपूरले खोली करून देल्ली असती, नाई तं त्यायले शेतावर घातलं असतं. रझियाचं तसं नव्हतं. टेलरभाऊनं साफ सांगतलं होतं, "सर, गावात हाय म्हणून शिकून राह्यली. गावात नाई, तं घरी बसन." त्यायले तयार कराले सर चार खेपा टेलरभाऊच्या दुकानात बसले होते. पाचव्या खेपेले टेलरभाऊ म्हणे, "सर, तुमचं शर्टबी शिवून झालं, पोरगीबी घेऊन जा."

तपासणीच्या सकाळी मी खोली अशी चकाचक केली का बस. जमीन सारवली, टेबल पुसलं, तारा घासल्या. तरी मन भरेना. कपाट उघडलं, तं बरण्या मळकट दिसल्या. साहेब काय म्हणतीन? मी राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, अन् लग्नाच्या स्वयंपाकाचे गंज-पातेले घासावे तशा सगळ्या बरण्या घासल्या. आरशावानी चमकल्या. चिठ्ठ्या गेल्या, अन् चुन्याच्या रेघाबी गेल्या.

तरी मी घाबरलो नाई. जीभ होती ना. मीठ खारट लागते, पोटॅश खारट अन् मागून कडू. एवढं तं मले चोरून चाटण्यात समजलं होतं. पण सकाळपासून धाकानं मी तंबाखूवर तंबाखू मळून राह्यलो होतो, अन् चुना इतका झाला होता का जिभेची साल निघाली होती. इकडची बरणी चाटली, आग. तिकडची चाटली, आग. शेवटी डावीकडची मिठाची, असं ठरवून टाकलं. आचाऱ्याचा अंदाज, म्हटलं.

साहेब आले. गोरे, गोल, हातात घड्याळ, सोबत हेडमास्तर. त्यायले दुपारच्या मोटारनं परतायचं होतं. नऊ जण टेबलाभोवती. रझिया सगळ्यात पुढं. मी मागच्या भिंतीपाशी, नवीन टोपी घालून.

सरायनं बेडकाचा पाय कापून घेतला. पांढऱ्या सुतावानी शीर त्याच्यापाशी लोंबत होती. त्यायनं पाय माह्या पाण्यात ठेवला.

तार लावण्याच्या आधीच पाय आपोआप आकडला. मंग ढिला पडला. सरायनं तांब्याची तार अन् जस्ताची पट्टी शिरेले लावली. काई नाई. पुन्हा लावली. काई नाई. साहेबायनं घड्याळ पाह्यलं.

"मास्तर, बेडूक मेला आहे का?"

एक पोट्टा हासला, तं सरायनं त्याच्याकडं पाह्यलं. सर पाण्यावर वाकले, मंग सरळ झाले. 

मी हळूच कपाटापाशी गेलो. मघा तोंड धुतलं होतं, जीभ जरा थंडावली होती. डाव्या बरणीले बोट लावलं अन् चाटलं. खारट. अन् मागून कडू.

तुमाले सांगतो, त्या घडीले माह्या डोळ्यापुढं अख्खं गाव आलं. धान देणारे सगळे आले. टेलरभाऊ कैची घेऊन आले. मी परत भिंतीले टेकून उभा राह्यलो. म्हटलं, कोणाले काय माहीत? बेडूकच खराब निघाला असन. होते कधी.

साहेबायनं पेनाचं टोपण काढलं. "सोय अपुरी, असं लिहावं लागेल."

सर म्हणाले, "साहेब, लिहून घ्या. चूक..."

"माही!" मी ओरडलो. इतक्या जोरात ओरडलो, का हेडमास्तरच्या हातातली काठी पडली. "साहेब, चूक माही हाय. मिठाच्या जागी पोटॅश पडलं. बरण्या घासल्या मी. मले वाचता येत नाई. सरायचा काई दोष नाई, बेडकाचाबी नाई."

 मंग सर माह्यापाशी आले, माह्या दंडाले धरून मले टेबलापाशी आणलं, साहेबाच्या समोर.

"साहेब, हे आमचे महाराज. यायनं आत्ता जे करून दाखवलं, ते मी दोन वर्षात या पोरायले दाखवू शकलो नव्हतो." अन् त्यायनं दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "रझिया, सांग. पेशीच्या आत काय जास्त?"

"पोटॅश, सर."

"महाराजनं बाहेरबी काय टाकलं?"

"पोटॅश." तिचे डोळे मोठे झाले. "आत-बाहेर सारखं झालं! फरकच नाई राह्यला, सर. म्हणून पयले आकडला अन् मंग गप झाला."

"मेला का?"

"नाई... म्हणजे, बाहेरचं पोटॅश धुवून काढलं, मीठ-पाणी भरलं, तं फरक पुन्हा येईन."

"किती वेळ लागेल?" साहेब म्हणाले. आता ते खुर्ची ओढून पुढं सरकले होते.

"पाव घंटा," सर म्हणाले.

"माझी मोटार आहे."

तवा मी बोललो, "साहेब, पोहे टाकले हायत. न खाता गावातून कोणी जात नाई." पोहे कुठी होते? पण मी धावलो, शाळेमागं चूल पेटवली, अन् पाव घंट्यात पोहे केले. तिकडं सरायनं तीनदा पाणी बदललं. ते पाणी रझियानं बनवलं, वजनानं, मले हात लावू न देता.

साहेबायच्या तोंडात पयला घास अन् सरायच्या हातात तार, दोन्ही संगच. पायानं अशी सणसणीत लाथ मारली, का ताटलीतलं पाणी साहेबाच्या कोटावर उडालं. पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरनंबी वाजवल्या. मी यावेळी टेबलाखाली गेलो नाई. उभा राह्यलो, छाती काढून.

साहेबायनं कोट पुसला, तोंड पुसलं अन् मंजुरी लिहिली. मंग माह्याकडं पाहून म्हणाले, "महाराज, पोह्यात मीठ नाही."

मिठाची बरणी हातात घ्याची हिंमतच झाली नव्हती मले.

सरायनं त्या दिवशी मले एका शब्दानंबी रागावलं नाई. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मले बसवून घेतलं, अन् दोन शब्द वाचाले शिकवले. 'मीठ' अन् 'पोटॅश'. बाकीचे मले आजबी येत नाई. कोणाचं पत्र आलं, का त्यात मीठ लिहिलं असन तं समजते.

पुढं त्या वर्गातून दर साली पोरं निघत गेली. लग्नाच्या मांडवात, मोटार अड्ड्यावर, जिथं चार माणसं दिसतीन तिथं मी सांगत जाऊ, "आमच्या सायन्सच्या खोलीतला हाय तो." आमच्या. हा शब्द मले कोणी देल्ला नव्हता, मीच घेतला होता. सरायनं कधी वापस मागितला नाई.

सर गेले ते हिवतापानं. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावायत फिरत होते, पोरं शाळेत धाडा म्हणून. येताना ताप घेऊन आले. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. मी उशाशी होतो. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होतो.  सरायचे तळहात एकदा वर आले, अन् पडले. त्यायच्या मागं नवीन सर आले. चांगले हायत. माह्यावर बरण्यायचं काम ठेवलं नाई.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मले हगवण लागली. कितीक सालानं एका लग्नात रांधाले बोलावलं होतं, अन् माह्याच हातचं जेवून मीच पडलो. पोरायनं बैलगाडीत अन् मंग मोटारीत घालून चांद्याच्या दवाखान्यात आणलं. डोळे उघडले, तं हातात सुई, वर उलटी टांगलेली बाटली, अन् पांढऱ्या टोपीतली नर्स. रझिया.

"काय हाय यात?" मी बाटलीकडं बोट दाखवलं.

"मीठ-पाणी, महाराज. वजनानं बनवलेलं."

मंग काय! मले जोर चढला. शेजारच्या खाटांवरच्या लोकायले मी पडल्या-पडल्या सगळं सांगतलं. आत पोटॅश, बाहेर मीठ, तलाव, तुडूम, उपसणारा. अन् मंग तपासणीचा दिवस. साहेबाच्या तोंडावर मी कसा उभा राह्यलो, कसं म्हटलं 'चूक माही', कोणाले काई माहीत नसताना, एकट्यानं, हिमतीनं. "मी बोललो नसतो," मी म्हटलं, "तं या नर्सबाई आज इथं नसत्या. घरी बटनं टाकत बसल्या असत्या."

शेजारचा बुढा म्हणे, "वा, बावा! मर्द माणूस!"

रझिया बाटलीचे थेंब मोजून राह्यली होती. तिनं मोजणं संपवलं.

"महाराज, तार लागूनबी पाय हालला नाई, तवाच सरायनं पाण्यावर वाकून बोट बुडवून चाटलं होतं. मी समोरच होती. त्यायले तवाच समजलं होतं."

मी म्हटलं, "मंग बोलले काऊन नाई?"

"तुमच्याकडं पाहून राह्यले होते. तुम्ही वर छपराचे कवेलू मोजत होते."

"अन् मंग 'लिहून घ्या, चूक' म्हणाले ते?"

"त्याच्या पुढं 'माही' म्हणणार होते. अजून काय म्हणणार होते?" तिनं माह्या मनगटावरची पट्टी घट्ट केली. "वर्ग सरायनं पणाले लावला होता, तुमच्या एका शब्दासाठी. अन् तुम्ही लय उशीर लावला. आता हात हलवू नका, सुई निघन."